एकत्र राहायला लागल्यावर रेशन, योजना, पेन्शन आणि घरखर्चाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं लग्न असो, दुसरं असो, की लग्नाशिवाय एकत्र राहणं असो. दोघांचं बिऱ्हाड एका छताखाली आलं की महिन्याभरात कुणीतरी विचारतंच, "माझे लाडकी बहीणचे पंधराशे बंद होतील का?" किंवा "आईच्या कार्डावरून नाव काढू का?" खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रासाठी आहेत. जिथे नियम केंद्राचा आहे तिथे तसं सांगितलं आहे. गोवा आणि ब्रिटनमधल्या वाचकांसाठी शेवटाकडे एकेक प्रश्न आहे.

आम्ही 'एक कुटुंब' झालो हे सरकार कशावरून ठरवतं?

सगळीकडे लागू होईल अशी एकच व्याख्या नाही, आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. आयकर खातं माणूस मोजतं, जोडपं मोजत नाही. लाडकी बहीण, पीएम किसान आणि पंतप्रधान आवास या योजना ढोबळमानाने नवरा, बायको आणि मुलं एवढंच कुटुंब धरतात. (मुलं अविवाहित की अल्पवयीन, हे योजनेनुसार बदलतं.) रेशनमध्ये कार्डावर नावं कुणाची हे बघतात. गॅसमध्ये स्वयंपाकघर एक आहे का हे बघतात. पेन्शनमध्ये लग्न झालं की नाही एवढंच. त्यामुळे एकच जोडपं तहसीलमध्ये कुटुंब ठरतं आणि दोन इमारती सोडून दुसऱ्या कार्यालयात एकमेकांचं कुणीच नसतं. म्हणून प्रत्येक योजनेचा नियम वेगळा वाचायचा. शेजारणीचं काय झालं यावरून अंदाज बांधायचा नाही.

माझं लग्न झालं. लाडकी बहीणचे पैसे चालू राहतील का?

लग्न झालं एवढ्यावरून बंद होत नाहीत. योजना २१ ते ६५ वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या आणि निराधार महिलांना आहे, शिवाय कुटुंबातल्या एका अविवाहित महिलेलाही. लग्नाने फरक पडतो तो 'कुटुंब' कुणाचं यात. आधी वडिलांचं घर मोजलं जात होतं, आता नवऱ्याचं मोजलं जाईल. दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं, नवरा आयकर भरत असला किंवा त्याच्या नावावर चारचाकी असली (ट्रॅक्टर सोडून), तर पात्रता जाते. सरकारी नोकरीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. तेव्हा "त्यांना काय कळतंय" हा भरवसा सोडा.

सासू आणि सून, दोघींना मिळेल का, हा इथला कायमचा उपप्रश्न. ई-केवायसीत कुटुंबातल्या एक विवाहित आणि एक अविवाहित अशाच महिला लाभ घेत असल्याचं जाहीर करायचं होतं. सासू-सून एकाच रेशन कार्डावर असतील तर अडचण येऊ शकते. निव्वळ पंधराशेसाठी घाईघाईने कार्ड फोडण्याआधी धान्याचं काय होईल ते खाली वाचा.

लग्न केलेलं नाही, पण मी त्याच्याबरोबर राहते. त्याचा पगार माझ्या अर्जात धरतात का?

लाडकी बहीणच्या शासन निर्णयातल्या कुटुंबात 'पती' आहे, जोडीदार नाही. त्यामुळे लिव्ह-इनमधल्या पुरुषाचं उत्पन्न त्यात बसत नाही. पण याची दुसरी बाजू बहुतेक जणींच्या लक्षात येत नाही. लग्न झालं नसेल तर तुम्ही कागदोपत्री अजून आई-वडिलांच्या कुटुंबातल्या अविवाहित मुलगी आहात. मग त्यांचं उत्पन्न, त्यांची गाडी, त्यांचा आयकर हे सगळं मोजलं जातं, तुम्ही पुण्यात भाड्याने राहत असलात आणि घरी बोलणंही बंद असलं तरी. अर्जात 'विवाहित' लिहून त्याचं नाव टाकणं हा मात्र सरळ खोटा जबाब आहे.

लग्नानंतर रेशन कार्डाचं काय करायचं?

माहेरच्या कार्डातून नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि सासरच्या कार्डात नाव चढवायचं. गावात हे काम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतं, मुंबईत शिधावाटप कार्यालयात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार जवळ ठेवा. नावं आधारला जोडलेली असल्याने दोन कार्डांवर एकच माणूस राहत नाही. माहेरचं नाव कमी झालेलं नसेल तर सासरचा अर्ज नुसता पडून राहतो.

आता धान्याचा हिशेब. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो मिळतं, घरात माणसं तीन असोत की आठ. त्यामुळे सून आली म्हणून धान्य वाढत नाही आणि लेक सासरी गेली म्हणून कमीही होत नाही. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो. तिथे नाव चढलं की ५ किलो वाढतात, उतरलं की जातात. म्हणजे अंत्योदयवाल्या घरातली मुलगी प्राधान्यवाल्या घरात गेली तर माहेरचं काही जात नाही आणि सासरी ५ किलो येतात. उलट दिशेने गेली तर माहेरचे ५ किलो जातात आणि सासरी काहीच वाढत नाही. दुकानदार हे आपणहून समजावत नाही, त्याच्या ई-पॉस मशीनवर जो आकडा दिसतो तेवढंच तो मापतो.

प्राधान्य गटाची उत्पन्न मर्यादा वर्षाला ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. शहरात म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. या आकड्यात आज कोण जगतं हा प्रश्न निराळा, पण दोन कमावती माणसं एका कार्डावर आली की मर्यादा ओलांडली जाते हे उघड आहे.

नोकरीसाठी दुसऱ्या गावात एकत्र राहत असाल तर लगेच नवं कार्ड काढायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्ड या सोयीमुळे आपल्या वाट्याचं धान्य दुसऱ्या शहरातल्या दुकानातूनही उचलता येतं.

आणखी एक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि कुटुंब कोणतं हे रुग्णालयातला आरोग्यमित्र रेशन कार्डावरूनच बघतो. नवी सून, नाव कुठल्याच कार्डावर नाही आणि अचानक शस्त्रक्रिया, ही वेळ येऊ देऊ नका. धान्य नको असलं तरी नाव चढवून ठेवा.

लग्नाशिवाय दोघांचं एक कार्ड निघेल का?

स्त्री-पुरुष जोडप्याकडे कार्यालयं विवाहाचा पुरावा मागतात, तो नसला की अर्ज बहुधा तिथेच अडतो. समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत मात्र केंद्राने लेखी भूमिका घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर केंद्राच्या अन्न विभागाने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं की समलिंगी नात्यातले जोडीदार रेशन कार्डासाठी एकाच घरातले मानावेत. त्याच सुमारास अर्थ मंत्रालयानेही स्पष्ट केलं की त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. परिपत्रकाची छापील प्रत बरोबर न्या.

दोघांकडे वेगवेगळी गॅस जोडणी आहे. एक परत करावी लागेल?

हो. नियम एका घराला, म्हणजे एका स्वयंपाकघराला, एक घरगुती जोडणी असा आहे. नवरा, बायको, अविवाहित मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील एका स्वयंपाकघरात जेवत असतील तर ते एक घर. एक जोडणी परत करा आणि डिपॉझिटची पावती शोधून पैसे घ्या. अनुदानासाठी नवरा-बायकोपैकी कुणा एकाचंही करपात्र उत्पन्न १० लाखांच्या वर असेल तर दोघांनाही ते मिळत नाही.

मी विधवा आहे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेते. दुसरं लग्न केलं तर?

विधवा म्हणून मिळणारं अनुदान पुनर्विवाहानंतर थांबतं. इंदिरा गांधी विधवा निवृत्तिवेतनालाही हेच लागू. संजय गांधी योजनेत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, त्यामुळे कमावता नवरा आला की त्या बाजूनेही पात्रता संपते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा गावात बातमी आधीच पोचलेली असते. आपणहून तहसीलमध्ये अर्ज देऊन बंद करून घेणं बरं, मागाहून वसुली लागण्यापेक्षा.

पहिल्या नवऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. पुनर्विवाह केला तर सगळं जातं का?

इथे पेन्शन कुठलं आहे यावर सगळं अवलंबून आहे.

केंद्र सरकारी नोकरीचं असेल, मुलं नसतील आणि तुमचं इतर सर्व उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनाच्या (९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई दिलासा) खाली असेल, तर पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू राहतं. सहाव्या वेतन आयोगाने आणलेली ही तरतूद २००६ पासून आहे, तरी कितीतरी बायकांना कुणी सांगितलेलीच नसते. मुलं असतील तर तुमचं पेन्शन थांबून पात्र मुलांच्या नावे सुरू होतं. म्हणजे पैसा घरातच राहतो, फक्त खातं बदलतं. अर्ज मात्र तुम्हालाच करायचा आहे.

खासगी नोकरीतल्या ईपीएफच्या पेन्शन योजनेत (१९९५ ची) विधवेचं पेन्शन हयातीपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत असतं. पुनर्विवाहानंतर मुलांना अनाथ पेन्शनच्या दराने रक्कम मिळते. मुलांचं साधं पेन्शन विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के असतं, अनाथ पेन्शन ७५ टक्के. म्हणून पीएफ कार्यालयात "माझं बंद करा" एवढंच लिहून येऊ नका. "मुलांचं अनाथ पेन्शन सुरू करा" असं त्याच अर्जात लिहा. मुलांचे जन्मदाखले आणि त्यांच्या नावाची बँक खाती लागतील.

राज्य सरकार, एसटी, महापालिका, बँका यांचे नियम आपापले आहेत. ज्या कार्यालयातून पेन्शन निघतं तिथे पुनर्विवाहाबाबतचा नियम लग्नाआधी लेखी मागा.

नोंदणी केलेली नाही, नुसता पाट (रूढीने होणारा पुनर्विवाह) लावला आहे. हे लग्न धरतात का?

रीतीप्रमाणे पाट किंवा म्होतूर लागला असेल तर ते लग्नच आहे. नोंदणी झाली नाही म्हणून ते लग्न नव्हतं असं होत नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याबरोबर 'पुनर्विवाह केलेला नाही' यावर सही करताना हे लक्षात ठेवा. कसलाही विधी न करता नुसतं एकत्र राहणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण नियमांत शब्द 'पुनर्विवाह' हाच आहे. पण सासरच्या कुणी तक्रार केली तर दोन्हींतला फरक सिद्ध करायला तुम्हालाच खेटे घालावे लागतात.

घटस्फोटानंतर पोटगी मिळते. नव्या जोडीदाराबरोबर राहिले तर?

फौजदारी कायद्याखालची पोटगी घटस्फोटित स्त्रीला ती पुनर्विवाह करेपर्यंत मिळते. हिंदू विवाह कायद्याखालची कायम पोटगी पुनर्विवाह झाल्यास किंवा दुसऱ्याशी संबंध असल्याचं सिद्ध झाल्यास न्यायालय कमी किंवा रद्द करू शकतं. मुलांचा खर्च हा वेगळा हक्क आहे, आईने काय केलं यावर तो संपत नाही. सामान हलवण्याआधी वकिलाला विचाराच.

नॉन-क्रीमी लेयर दाखल्यात नवऱ्याचा पगार धरतात का?

नाही. ओबीसीसाठी क्रीमी लेयर आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतो. लग्न झालेल्या मुलीकडूनही सेतूत नवऱ्याची सॅलरी स्लिप मागितली जाते, ती चूक आहे. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) ८ लाखांच्या मर्यादेत मात्र आई-वडिलांबरोबर पती किंवा पत्नीचंही उत्पन्न धरलं जातं. दोन्हींची गल्लत करू नका.

आयकरात काही फायदा-तोटा?

भारतात जोडप्याचं एकत्र विवरणपत्र नसतं. लग्न झालं म्हणून स्लॅब बदलत नाही.

फरक पडतो तो पैसे देण्याघेण्यात. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम भेट दिली तरी तिला कर नाही, पण त्या पैशाची एफडी केली तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिसळतं. लिव्ह-इन जोडीदार आयकराच्या भाषेत 'नातेवाईक' नाही. त्याच्याकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली की वरचीच नव्हे, सगळीच रक्कम करपात्र होते. घरखर्चातला वाटा ही भेट नव्हे, पण ते दाखवता यायला हवं. यूपीआय करताना शेऱ्यात 'जुलै भाडं' किंवा 'वीजबिल' लिहायची सवय लावा.

जुन्या करप्रणालीत एचआरए (घरभाडे भत्त्याची करसवलत) घेत असाल तर भाडेकरारावर दोघांची नावं घाला आणि जेवढं भाडं स्वतःच्या खात्यातून गेलं तेवढंच दाखवा. दोघांनी पूर्ण भाडं दाखवल्याची प्रकरणं नोटिशीपर्यंत जातात.

घरखर्च निम्मा-निम्मा करावा का?

पगार जवळपास सारखे असतील तर करा. नसतील तर निम्मं वाटणं हा कमी कमावणाऱ्यावर अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत.

समजा त्याचा पगार ७०,००० आणि तिचा ३५,०००. भाडं २१,००० आणि किराणा, वीज, कामवाली, नेट मिळून १५,००० म्हणजे एकूण ३६,०००. निम्मे केले तर प्रत्येकी १८,०००. त्याच्या पगाराचा हा चौथा हिस्सा, तिच्या पगाराचा निम्म्याहून जास्त. आता ती दर महिन्याला ५,००० गावी आईला पाठवते, ते आधी वजा करू. उरले ७०,००० आणि ३०,०००, म्हणजे सात-तीनचं प्रमाण. मग त्याचे २५,२०० आणि तिचे १०,८००. हातात दोघांच्याही काहीतरी उरतं.

आधीची कर्जं, घरी पाठवायचे पैसे, पहिल्या लग्नातल्या मुलांची फी हे सगळं वाटणीआधी बाजूला काढा. एकत्र राहायला येण्यापूर्वी एका संध्याकाळी दोघांनी आपापले ईएमआय आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी एकमेकांना दाखवावी. साखरपुड्याला याद्या होतात त्या मानपानाच्या, ही यादी कुणी करत नाही.

खातं संयुक्त असावं का? पगाराची खाती वेगळी ठेवा आणि घरखर्चाचं एक तिसरं संयुक्त खातं उघडा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यातून दोघांपैकी कुणीही एक जण सगळे पैसे काढू शकतो, म्हणून बचत तिथे साठवू नका. संयुक्त कर्ज दोघांच्याही सिबिलवर दिसतं. नुसत्या लग्नाने सिबिल एक होत नाही.

नॉमिनी बदलायला हवा का?

या पानावरचं एकच काम आज करणार असाल तर हे करा.

ईपीएफमध्ये लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द होतं, नवं भरावं लागतं. कुटुंब असताना पीएफला कुटुंबाबाहेरचा नॉमिनी चालत नाही आणि लिव्ह-इन जोडीदार त्या 'कुटुंबात' नाही. ग्रॅच्युइटीचंही तसंच. आयुर्विम्यात जोडीदाराला नॉमिनी करता येईल, पण पैसे स्वतःचे म्हणून ठेवण्याचं कायद्याचं संरक्षण आई-वडील, पती-पत्नी आणि मुलांना आहे. बँक खात्यात कुणालाही नॉमिनी करता येतं, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, त्यावर हक्क वारसाचाच राहतो. लग्नाशिवाय राहणाऱ्यांनी म्हणून मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी झालं तरी ते चालतं.

एकत्र घर घ्यायचं आहे.

दस्तात दोघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. हप्ते कोण भरतं याच्या नोंदी ठेवा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार आणि नोंदणी वेगळी. लिव्ह-इन जोडीदाराला ही सवलत नाही. पंतप्रधान आवासमध्ये अर्ज असेल तर जोडीदाराच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं, गावचं वाटणीतलं घर धरून. हे लग्नानंतर बघायला गेलात तर उशीर झालेला असतो.

लिव्ह-इन मोडलं तर पैशाचे काही हक्क आहेत का?

स्त्रीला आहेत, पण आपोआप नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश' नातं धरलेलं आहे, आणि त्यात राहण्याचा आणि खर्चाचा हक्क मागता येतो. कोणतं नातं विवाहसदृश, याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात सांगितल्या: दोघंही लग्नाला मोकळे आणि सज्ञान, समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले, बराच काळ एकत्र राहिलेले. जोडीदाराचं आधीचं लग्न अजून कायम असेल तर इथेच अडकतं. दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि संयुक्त खात्याचं स्टेटमेंट हे अशा वेळी पुरावे ठरतात.

आम्ही गोव्यात असतो. तिथे वेगळं आहे?

बरंच. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची संपत्ती सामायिक होते. आयकरातही त्याचं प्रतिबिंब आहे. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, नवरा-बायकोत निम्मं वाटून दाखवायचं असतं. सीमेपलीकडच्या सावंतवाडीत हे चालत नाही. गृह आधार योजनेचे महिना १,५०० रुपये विवाहित महिलेला मिळतात, दोघांचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर.

ब्रिटनमध्ये राहतो, तिथे काय?

तिथे उलट कारभार. लग्न झालं की नाही हे गौण, जोडपं म्हणून एकत्र राहता का हे मुख्य. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी भत्ता) एकत्र मागावं लागतं, जोडीदाराची कमाई आणि बचत धरली जाते, आणि दोघांची बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर मिळत नाही. एकट्याने राहताना कौन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) असलेली २५ टक्के सूट दुसरा प्रौढ राहायला आला की सहसा जाते. आपल्याकडून विद्यार्थी किंवा स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्यांना बहुतेक सरकारी भत्त्यांना हातच लावता येत नाही. जोडीदार तिथला नागरिक असला, तरी त्याच्या अर्जात तुमचं नाव घालण्याआधी सल्ला घ्या, कारण यात चूक झाली तर व्हिसावर येते.

बदल कळवला नाही तर खरंच काही होतं का?

आधार, रेशन कार्ड, बँक खातं आणि पॅन एकमेकांना जोडलेले आहेत. मेळ बसला नाही की आधी हप्ता थांबतो, मग कारण शोधत फिरावं लागतं, आणि घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. बदल कळवताना अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख मारून घ्या. ऑनलाइन केलं असेल तर पोचपावतीचा नंबर मोबाइलमध्ये न ठेवता रेशन कार्डाच्या आतल्या पानावर पेनाने लिहून ठेवा.